नऊ दिवसांचा भिक्खू

चातचवानशेठ बुनथानच्या दारात गुडघे टेकून बसला तेव्हा त्याच्यामागे निम्मं गाव, दोन ढोल आणि तीन कॅमेरे होते. डोक्याचा सकाळीच गोटा केलेला, भुवयाही भादरलेल्या, अंगावर पांढरं वस्त्र, हातात फुलं-मेणबत्त्यांचं तबक. उद्या विहारात दीक्षा घ्यायची म्हणून आज दारोदार माफी मागत फिरायचं, ही रीत. गावातल्या प्रत्येक पोराने आयुष्यात एकदा ती पाळलेली. पण ती पोरं असतात वीस-बावीस वर्षांची, आणि त्यांचे अपराध म्हणजे कुणाचे आंबे पाडले, कुणाची कोंबडी भाजून खाल्ली. हा गडी एकसष्ट वर्षांचा, तीनदा निवडून आलेला खासदार. आणि बुनथानच्या दारात त्याचा अपराध कोणता, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वी शेठ खासदार नव्हता, तालुका पंचायतीचा सभापती होता. शाळेची पाण्याची टाकी त्याच्या माणसांनी बांधली. आठ खांब, वर सिमेंटची टाकी, उद्घाटनाला बँडबाजा. सातव्या महिन्यात मधल्या सुट्टीत टाकी खाली आली. नळावर पाणी प्यायला गेलेली चार मुलं गेली. त्यात बुनथानची एकुलती एक दोककेओ. नऊ वर्षांची. खांब फुटले, आत बघतात तर सळ्या नाहीतच, बांबू! सळ्यांचे पैसे कुठे गेले हे शेठच्या नव्या बंगल्याकडे बघून कळत होतं.

कायदा नव्हता असं नाही. चौकशी झाली, खटला उभा राहिला, वॉरंटही निघालं. पण कायद्याचं घोडं पेंगत पेंगत तिथवर पोचेस्तोवर शेठ खासदार झाला होता. आणि अधिवेशन चालू असताना खासदाराला हात लावायचा तर संसदेची परवानगी लागते. म्हणजे खासदारांनाच विचारायचं, की बाबांनो, तुमच्यातला एक धरून नेऊ का? दोनदा विचारलं. दोनदा 'नको' आलं. कुंपणच शेत खायला बसल्यावर शेताने ओरडायचं कुणाच्या नावाने?

"बुनथानदादा," शेठ तबक पुढे करून म्हणाला, "कळत-नकळत, कायेने, वाचेने, मनाने माझ्या हातून जे घडलं असेल, त्याची मला क्षमा करा. उद्या मी चीवर घालणार. मनावर ओझं घेऊन घालायचं नाही."

"कळत-नकळत!" आतून सायबुआचा आवाज आला. बुनथानची बायको चुलीपाशी खलबत्त्यात मिरच्या कुटत होती, ती बाहेर आलीच नव्हती. "बांबू काय झोपेत चालत जाऊन बसले का रे खांबात?"

कॅमेरेवाल्यांनी माना वळवल्या. बुनथानने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याला कठीण एवढ्यासाठी जात होतं, की तो नुसता कुणी म्हातारा नव्हता. सव्वीस वर्षं तो विहारात उपासकांचा म्होरक्या होता. गाव जमलं की भिक्खूंपुढे बसून सगळ्यांच्या वतीने शील मागायचं ते त्याने. दीक्षा घेणाऱ्या पोरांकडून पाली शब्द घोकून घ्यायचे ते त्याने. चार संध्याकाळी त्याने या शेठलाही शब्द शिकवले होते. आणि तिसऱ्या संध्याकाळी, शिकता शिकता, हा माणूस हमसून हमसून रडला होता. म्हणाला, "दादा, तुमच्या पोरीचं नाव मला पाठ आहे. चौघांचीही नावं पाठ आहेत." त्याने ती म्हणून दाखवली. बुनथानला त्या रात्री पंधरा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. माणूस आहे, बदलतो, असं तो सायबुआला म्हणाला. सायबुआ म्हणाली, नावं तर मतदारयादीतलीही पाठ असतात त्याला.

आता निम्मं गाव बघत होतं. दीक्षा घेणाऱ्याला क्षमा नाकारली, असं गावात आजवर झालं नव्हतं. नाकारणाऱ्याच्या माथी ते पाप चिकटतं म्हणतात. बुनथानने तबक घेतलं, शेठच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे तीनदा म्हणाला, "अहोसि. झालं गेलं. मी माफ केलं."

ढोल वाजले. कॅमेरे पुढच्या दाराला गेले. तबक घेऊन तो आत आला तर सायबुआने वर पाहिलंसुद्धा नाही.

"तुझ्या वाटणीचं दिलंस ना? बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या वाटणीचं मी ठेवलंय माझ्यापाशी."

रविवारी दीक्षा झाली. नऊ दिवसांसाठी. जेवणावळी उठल्या, शेठच्या पैशातून विहाराला नवं छप्पर चढलेलं होतं त्याखाली.

सोमवारी सकाळी पोलिसांची पिकअप गाडी विहाराच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली येऊन उभी राहिली. तिच्यातून तालुक्याच्या इन्स्पेक्टरबाई उतरल्या. रवीवान नाव, पस्तिशीच्या आतबाहेर, आणि डोळ्यांवर झोप न झाल्याची सूज. त्या विहारात गेल्या नाहीत. सरळ बुनथानच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

"काका, तुम्ही हे काय करून बसलात?" त्या म्हणाल्या.

"काय केलं मी?"

"टीव्हीवर दाखवतायत. मृत मुलीच्या बापाने माफ केलं. दर तासाला. तुमचा हात त्याच्या डोक्यावर." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काका, अधिवेशन परवा शनिवारी संपलं. पुढचं येत्या सोमवारी लागतं. मधले हे दिवस त्याच्या अंगावर संसदेचं पांघरूण नाही. वॉरंट निघाल्यापासून पहिल्यांदाच असं झालंय की तो साधा माणूस आहे, तुमच्या-माझ्यासारखा. आणि ह्याच शुक्रवारी खटल्याची मुदत संपते."

"कसली मुदत?"

"पंधरा वर्षांची. शुक्रवारी साडेचारला कोर्टाची खिडकी बंद व्हायच्या आत तो कोर्टात उभा राहिला, तर खटला जिवंत. नाही राहिला, तर मेला. फाइल कायमची बंद. मग तो स्वतः येऊन म्हणाला ना, की बांबू मीच घातले, तरी कोणी काही करू शकत नाही."

बुनथानला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. तो ओट्याच्या खांबाला धरून खाली बसला. नऊ दिवस. म्हणजे हे नऊ दिवस मोजून घेतले होते. ते रडणं, ती पाठ केलेली नावं, सगळं मोजून मापून. आणि शब्द शिकवले कुणी? यानेच, आपल्या तोंडाने, उच्चार सुधारून सुधारून.

"मग धरा की त्याला!" तो ओरडला. "वॉरंट आहे ना तुमच्याकडे? विहार दोनशे पावलांवर आहे!"

"चीवरातल्या माणसाला बेडी घालता येत नाही, काका. आधी विहारप्रमुखांनी त्याचं चीवर उतरवायचं, मग आम्ही. आणि वरून मला स्पष्ट सांगितलंय, पोलिसांचा बूट फाटकाच्या आत पडता कामा नये. श्रद्धेचा प्रश्न आहे म्हणे." त्या कडवट हसल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. इथे चोरच संन्यासी होऊन बसलाय. थोरल्या भन्तेंशी तुम्ही बोला. तुमचं ते ऐकतील."

थोरले भन्ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. बुनथानला दीक्षा त्यांनीच दिलेली, दोककेओचं बारसंही त्यांनीच केलेलं आणि तिच्या चितेपाशी सुत्तंही त्यांनीच म्हटलेली. मंगळवारी दुपारी बुनथान त्यांच्या कुटीत गेला आणि त्याने तीनदा माथा टेकला. चौथ्यांदा टेकला तो उठवेना म्हणून.

"भन्तेजी, त्याची दीक्षा खोटी आहे," तो म्हणाला. "दीक्षेच्या वेळी तुम्ही त्याला विचारलंत, राजाच्या चाकरीत तर नाहीस ना? तो म्हणाला, नाही भन्ते. खासदार आहे तो! खोटं बोलला. आणि ज्याच्यावर वॉरंट आहे त्याला दीक्षा देऊ नये, असा संघाचाच नियम आहे."

म्हाताऱ्या भन्तेंनी वर पाहिलं. बाहेर नव्या छपरावर कबुतरं नखं घासत होती.

"नियम आहे," ते म्हणाले. "देऊ नये असा आहे. दिली तर देणाऱ्याचा दोष, तोही लहानसा. दीक्षा मोडत नाही, बुनथान. तू शिकवलेलं आहेस लोकांना, तुला ठाऊक आहे."

बुनथानला ठाऊक होतं. म्हणूनच त्याला रडू आलं.

"मग तुम्ही उतरवा चीवर. तुमच्या हातात आहे ते."

"कुठल्या अपराधासाठी उतरवू? भिक्खू झाल्यापासून त्याने काही केलं नाही. पहाटे उठतो, झाडलोट करतो, भिक्षेला जातो. आधीच्या आयुष्याचा न्याय मी करायचा नसतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी घाबरतो असं समज. विहाराची जमीन अजून सरकारच्या नावावर आहे. सतरा भिक्खू आहेत इथे, अकरा अनाथ पोरं शिकतात. मी आज आहे, उद्या नाही. मग त्यांचं काय?"

असं खरं बोलणारा माणूस समोर असला की भांडायलाही जागा राहत नाही. बुनथान उठून आला.

बुधवारी पहाटे भिक्षेची रांग गल्लीतून निघाली. सतरा भिक्खू अनवाणी, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात नवा म्हणून, शेठ. बायका आपापल्या दारात गुडघ्यांवर बसून पात्रात चिकट भाताचे गोळे टाकत होत्या. बुनथानच्या दारात सायबुआ बसली. तिने सतराजणांना भात वाढला, आणि अठराव्याचं पात्र पुढे आलं तसं डब्याचं झाकण लावलं.

शेठ क्षणभर थांबला. मग खालमानेने पुढे गेला. बुनथान धावत त्याच्यामागे गेला, आणि कोपऱ्यावर, केळीच्या आडोशाला, त्याने त्याला गाठलं. भिक्खूपुढे उभ्याने बोलू नये म्हणून तो मातीतच उकिडवा बसला. बघा, त्या वेळीही रीत सुटली नाही माणसाची.

"भन्ते," तो म्हणाला. त्याच्या तोंडून दुसरं संबोधन निघेना, हेच तर दुःख होतं. "एक दिवस. शुक्रवारी फक्त एक तास कोर्टात येऊन उभे राहा. नंतर वकील द्या, पुरावे द्या, सुटा खुशाल. मी एका शब्दाने बोलणार नाही. फक्त फाइल मरू देऊ नका."

शेठने आजूबाजूला पाहिलं. कॅमेरे नव्हते.

"दादा, तुम्ही मला माफ केलंत."

"केलं."

"मग आता काय हवंय?"

"माफ मी केलंय. कोर्टाने कुठे केलंय?"

शेठ हसला. वाईट हसला नाही, थकल्यासारखा हसला. "दादा, मी एकटा नाहीय हो. मी त्या कोर्टात उभा राहिलो, तर उद्या संसदेतले दीडशेजण उभे राहतील. प्रत्येकाची कुठे ना कुठे टाकी आहे. मी यायचं म्हटलं तरी ते मला येऊ देणार नाहीत. कायदे आम्ही करतो, त्यात आमच्यासाठी एवढीशी खोली ठेवलेली असते. तुम्हीही ठेवली असती." त्याने पात्र सावरलं. "मी रोज संध्याकाळी दोककेओच्या नावाने पुण्य अर्पण करतो. मनापासून करतो. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू."

आणि तो रांग गाठायला भरभर निघून गेला. अनवाणी पायांची सवय नव्हती, खडे टोचत होते, तरी गेला.

गुरुवारी बुनथान गावात फिरला. साठ सह्या मिळाल्या तर थोरल्या भन्तेंना बळ येईल असं त्याला वाटलं. कागद घेऊन तो सरपंचाकडे गेला. सरपंच म्हणाला, "काका, रस्ता कुणी दिला आपल्याला? कालवा कुणी दिला? चोर आहे, मान्य. पण आपला चोर आहे." मेलेल्या चौघांपैकी एकाच्या बापाने दारच उघडलं नाही, आणि दुसऱ्याची आई रडली, पण सही न करता. तिचा धाकटा शेठच्या पेट्रोल पंपावर होता. संध्याकाळी कागदावर तीन सह्या होत्या: त्याची, सायबुआची आणि शाळेच्या जुन्या मास्तरांची, त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून सही म्हणजे नुसती रेघ.

ओट्यावर बसून त्याने हिशेब केला. संसद नाही, पोलीस नाही, संघ नाही, गाव नाही. उरलं कोण? त्याला गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. सरपंचाच्या मेव्हण्याला शेजाऱ्याने बांधाच्या भांडणात कुदळीच्या दांड्याने हाणलं होतं. मारणारा घरी निवांत बसला होता आणि मार खाणाऱ्यानेच कोर्टाच्या अकरा फेऱ्या मारल्या होत्या. गावभर बोंब होती, मार परवडला पण तारखा नको.

बुनथान ताठ बसला. मार खाणाऱ्याला कोर्टात जावं लागतं! जो मार खातो त्याला उभं राहून सांगावं लागतं, की हो, मला मारलं. संसद सांगून अडवू शकत नाही, चीवर अडवू शकत नाही. भिक्खूही साक्ष द्यायला जातातच की.

त्याने हे सायबुआला सांगितलं नाही. आयुष्यात कधी कुत्र्यावरही हात न उचललेला माणूस तो. आणि भिक्खूवर हात टाकणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? पुढचे किती जन्म वाया जातात हे तोच तर लोकांना सांगायचा. तो पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहिला.

शुक्रवार उपोसथाचा, म्हणजे व्रताचा दिवस होता. म्हातारी माणसं दिवसभर विहारात, पांढरे कपडे घालून. दुपारी साडेतीनला प्रवचन. त्या दिवशी मुद्दाम नव्या भिक्खूला आसनावर बसवलं होतं, पंखा हातात देऊन, आणि कोपऱ्यात एक कॅमेरा. फाटकाबाहेर चिंचेखाली पोलिसांची पिकअप पाचव्या दिवशीही उभी. इन्स्पेक्टरबाई बॉनेटला टेकून फाटकातून आत बघत होत्या.

तीन वाजून पस्तीस मिनिटं. सगळ्यांनी हात जोडले. आता शील मागायला बुनथानने म्हणायचं, मयं भन्ते, आणि गावाने मागून. सव्वीस वर्षं ते शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघत. आज त्याने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. लोक थांबले. कुणीतरी खोकलं. बुनथान उठला. आसनावर भिक्खू बसलेला असताना मधोमध उभा राहिलेला माणूस बघून बायकांनी तोंडावर हात नेले. तो चालत आसनापाशी गेला आणि त्याने हात उचलला.

एक. खाडकन. त्या हॉलमध्ये असा आवाज कधी झालाच नव्हता. मग दुसरी. शेठच्या हातातला पंखा उडाला.

"लागली ना?" बुनथान ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "लागली ना तुला? मग चल! पोलिसात चल! मी मारलं, मी कबूल करतो. तक्रार दे माझ्यावर, कोर्टात येऊन सांग! आत्ता चल, अजून तासभर आहे! चल रे, चल, हात जोडतो तुला!"

आणि खरंच, ज्या हाताने मारलं तोच हात दुसऱ्या हाताशी जोडून तो उभा राहिला, गदागदा रडत. त्याला ओढायला चारजण धावले. थोरले भन्ते जागेवरच डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेठ गाल धरून बसला होता.

तेवढ्यात लाकडी जमिनीवर बूट वाजले. इन्स्पेक्टरबाई आणि त्यांचा हवालदार बूट न काढताच हॉलमध्ये आले होते. फाटकापासून आसनापर्यंत यायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. बाईमाणसाचा हात चीवराला लागता कामा नये म्हणून त्या आसनापासून दोन हात लांबून वळल्या, आणि त्यांनी बुनथानचं मनगट धरलं.

"चला, काका."

"हो, चला! आणि ते? ते येतायत ना?"

"ते कशाला?"

"मार त्यांनी खाल्लाय! तक्रार त्यांनी द्यायची! कोर्टात..."

इन्स्पेक्टरबाईंना तेव्हा कुठे कळलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून उघडले. "काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्यांची गरज नाही हो. भिक्खूवर हात टाकला, गुन्हा सरकारविरुद्ध आहे. मी स्वतः पाहिलं. साठ माणसांनी पाहिलं, कॅमेऱ्यात आलं, तुम्ही कबूल करताय. त्यांना कशाला बोलवायचं कुणी?"

बुनथानने वळून आसनाकडे पाहिलं. कुणीतरी शेठच्या हातात पंखा परत दिला होता. गाव बुनथानकडे बघत होतं, आणि त्या बघण्यात त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. दारात सायबुआ होती. ती गर्दीतून वाट काढत आली, तिने त्याचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दाबला, आणि सोडला.

पाच दिवस उभी असलेली पिकअप पहिल्या चावीला सुरू झाली.

"स्टेशनला नंतर," इन्स्पेक्टरबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "आधी कोर्ट. हे वॉरंट परत करायचंय साडेचारच्या आत, नाहीतर उद्या माझ्यावरच कारवाई." रस्ताभर त्या पुढे बघत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं होतंत, काका. एकदा तरी." पण बुनथानने विचारलं असतं, तर शेवटचा एक दिवस आशेवर तरी कसा काढला असता?

तालुक्याच्या कोर्टात त्या वेळी गर्दी नव्हती. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून चष्मा कपाळावर चढवून काहीतरी खात होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. इन्स्पेक्टरबाईंनी वॉरंट खिडकीत ठेवलं.

"आरोपी?" कारकुनाने विचारलं.

"नाही सापडला."

"साडेचारपर्यंत थांबायला लागेल मग. वेळेआधी शिक्का मारता येत नाही." त्याने बुनथानकडे बघून भुवई उडवली. "आणि हे?"

"हे आजचे. भिक्खूवर हल्ला. जामिनाचा कागद भरून घ्या, घरचं कुणी आलं तर निदान रात्रीपर्यंत सोडता येईल."

बुनथान बाकावर बसला. तो आरोपी म्हणून, कोर्टात, वेळेत हजर होता. एकवीस मिनिटं शिल्लक ठेवून. तो घड्याळाकडे बघत राहिला आणि मोठा काटा सरकताना त्याला दिसत राहिला. एकदा तो उठून खिडकीशी गेला. "साहेब, तो विहारात आहे. वीस मिनिटांच्या रस्त्यावर. फोन केला तर..." कारकून म्हणाला, "बाबा, तुमची केस वेगळी, ती केस वेगळी. बसा." तो बसला. चार वाजून सत्तावीस. अठ्ठावीस. इन्स्पेक्टरबाई व्हरांड्यात गेल्या होत्या आणि पाठ करून उभ्या होत्या. बुनथान दाराकडे बघत होता. अजूनही, बरं का. अजूनही त्याला वाटत होतं, की भगव्या चीवरातला माणूस दारातून येईल. निदान चौघांची नावं पाठ होती त्याला. ती पाठ करणारा माणूस अगदीच...

साडेचार.

कारकुनाने वॉरंट पुढे ओढलं, शिक्का उचलला, मारला, फुंकर घातली आणि फाइल मागच्या ढिगावर टाकली. त्या फाइलमध्ये दोककेओ होती. मग त्याने खिडकीची जाळी अर्धी खाली ओढली आणि उरलेल्या फटीतून दुसरा कागद घेतला.

"या, बाबा. पटकन उरकू. नाव?"

त्याने सांगितलं.

"वय?"

"सहासष्ट."

"घरी कोण कोण?"

"बायको."

"मूलबाळ?"

बुनथानने मागच्या ढिगाकडे पाहिलं.

"एक मुलगी."

"वय?"

"नऊ."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि समोरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे, त्याच्या पांढऱ्या उपोसथाच्या कपड्यांकडे नीट पाहिलं. मग मान हलवून त्याने नऊ लिहिलं.

"इतकी लहान पोर घरी, आणि या वयात मारामाऱ्या करता, बाबा?" तो म्हणाला. "तिचा तरी विचार करायचा होता."